सोनुबाईचा राहिलेला शनिवार

त्या वर्षी पाऊस भाद्रपदातच पाठ फिरवून गेला आणि दसऱ्यानंतर कर्जतला चमत्कारिक हवा पडली. पहाटे असं धुकं, की उल्हास नदी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. आणि दिवस कासराभर वर आला की पाठ भाजून निघायची. शेतात भात पिवळं होऊन आडवं पडलं होतं. निम्म्या लोंब्या पोचट, आणि उरलेल्या कापायला माणूस नव्हतं. जो तो अंथरुणात. मानमोडीची साथ आली होती. सकाळी कमरेला इळा खोचून निघालेला गडी दुपारी बांधावर मान टाकायचा, म्हणून तिचं नाव मानमोडी. गोऱ्या डॉक्टरांनी तिला काय नाव दिलं होतं ते स्टेशनातल्या बाबूलोकांना ठाऊक. औषध मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशाच एका धुक्याच्या सकाळी भिसेगावच्या टोकाला, देवळाच्या मागच्या पडवीत, गौराबाई वैरागर चुलीपुढं उकिडवी बसून पेज ढवळत होती. देऊळ म्हणजे येशूचं. बुटकं, कौलारू, दारातल्या आंब्याला टांगलेली घंटा. गाव त्याला जर्मन देऊळ म्हणायचं, कारण ते बांधणारा पाद्री जर्मन होता. आतली माणसं स्वतःला लुथरन मंडळी म्हणवायची. घरं पंधरा-वीस. बहुतेकांचे बाप-आजे नगराकडून घाटाच्या रेल्वेकामाला खाली उतरलेले. कुणी इंजिनाला कोळसा घालणारे, कुणी रूळ ठोकणारे, कुणी सांधेवाले. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत, म्हणून त्यांनी नदीकाठी झरा खणला होता.

गौराबाईचा नवरा रावजी घाटात गाडीला मागून जोर लावणाऱ्या इंजिनावर खलाशी, म्हणजे डबे जोडणारा-सोडणारा गडी होता. एका पावसाळी संध्याकाळी दोन डब्यांच्या मध्ये सापडला. पोटचं एक पोर होतं, ते त्याच्या आधीच गेलेलं. तेव्हा गौराबाई ऐन तिशीत होती. माहेरी जाऊन भावजयीची भांडी घासण्यापेक्षा देवाची घासीन म्हणाली आणि देवळाच्या पडवीत येऊन राहिली. पाद्रीसाहेबांनी तिच्याकडे मूठ दिली.

मूठ म्हणजे असं. मंडळीतली प्रत्येक बाई सैपाकाला तांदूळ मापून घेतला की त्यातली एक मूठ परत काढायची आणि वेगळ्या गाडग्यात टाकायची. ते देवाचं गाडगं. दर शनिवारी गौराबाई टोपली घेऊन दारोदार फिरायची, गाडगी रिकामी करून आणायची, आणि त्या तांदळावर आजाऱ्याची पेज, बाळंतिणीचा भात, वाटसरूचा घास चालायचा. कुणाची मूठ मोठी, कुणाची बारीक, कुण्या घरात सासूच्या डोळ्यांपुढं मूठ पसरते आणि सासू वळली की आवळते, हे सगळं तिला पाठ होतं. ती बोलायची नाही. टोपली मात्र हलवून दाखवायची.

"ए गौरे, टोपलीला काय हलवते? घुंगरू बांधलंय का?" असं तिला तोंडावर विचारणारी एकच बाई होती. सोनुबाई उजागरे.

सोनुबाई गौराबाईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तीही एकटीच. नवरा गेलेला, लेक लग्न होऊन दौंडाकडं. अंगानं काटक, तोंडानं फटकळ, आणि कोंबड्यांवर जीव. साथ आल्यापासून या दोघी पेजेचा हंडा बांबूला अडकवून, बांबू दोन खांद्यांवर घेऊन घरोघर फिरत होत्या. पुढं सोनुबाई, मागं गौराबाई. सोनुबाई भराभरा चालायची आणि मागचीच्या अंगावर पेज हिंदकळायची. मग शिव्या. शिव्या देत-घेत त्या भिसेगाव पालथं घालायच्या. आधी मंडळीची घरं, मग उरली तर कुणाचीही.

कुणाचीही म्हणजे अगदी धाकलू पाटलाचीसुद्धा. धाकलूनं उभ्या जन्मात यांची सावली अंगावर घेतली नव्हती. आता घरात पाचजण आडवे. त्यानं खाटेवरनंच ओरडून सांगितलं, "त्या दगडावर गाडगं हाय. त्येच्यात वता आन जावा. मी बघितलं नाय."

"तू नगं बघू, पाटला," सोनुबाई म्हणाली, "आमी तुला बघतो. लई वाळलास रं."

तर त्या धुक्याच्या सकाळी पेज शिजून घट्ट व्हायला आली तरी सोनुबाईचा पत्ता नव्हता. गौराबाईनं हंडा उतरवला, निखारे मागं ओढले आणि तिच्या खोपटाकडं गेली. कोंबड्या अजून डालग्याखाली कोंडलेल्या, आतून कलकलाट. सोनुबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. आडवं होणं तिला पसंत नव्हतं. डोळे लालभडक, ओठ काळे पडलेले, आणि छातीतून भाता फुंकल्यासारखा आवाज.

गौराबाईनं एवढ्या दिवसांत पुष्कळ आजारी पाहिले होते. ओठांचा हा रंग आला की पुढं काय होतं ते तिला ठाऊक होतं. आणि जी दुसऱ्यांच्या दारात रोज हे बघत फिरली होती त्या सोनुबाईलाही ठाऊक होतं.

"आक्का, झोप की जरा."

"झोपायचंच हाय आता. गौरे, ऐक. मला मेज पायजे."

गौराबाई तिच्या अंगावरची वाकळ सारखी करू लागली.

"आयकलं का? प्रभूचं मेज. भाकर आन प्याला. तुमच्या सगळ्यांचा शेवटचा घास झालेला हाय. माझा एकटीचा राह्यलाय."

हे समजायला चार वर्षं मागं जावं लागतं.

लुथरन मंडळीत प्रभुभोजनाची एक रीत होती. महिन्याच्या एका रविवारी भोजन, पण उठलं आणि बसलं पंगतीला, असं नाही. आदल्या शनिवारी पाद्रीसाहेबांच्या ओसरीवर जाऊन नाव द्यायचं. साहेब वेताच्या खुर्चीत बसलेले असायचे. मोडक्या मराठीत विचारायचे, "मन कसा हाय? कुणाशी अबोला हाय?" असेल तर आधी जा, मिटवा, मग नाव द्या. नाव दिलं नाही त्याला रविवारी मेजापाशी जागा नाही. मंडळीची अर्धी भांडणं या शनिवारीच मिटत. नवरा-बायको वाटेत भांडत येत आणि ओसरीच्या पायरीवर गोड बोलत.

चार वर्षांमागं श्रावणात सोनुबाईची एक तांबडी कोंबडी देवळाच्या पडवीत शिरली आणि मुठीच्या टोपलीत बसून दिवसभर तांदूळ टिपत राहिली. गौराबाईनं फुंकणी फेकून मारली, ती कोंबडीच्या वर्मी लागली. कोंबडी गेली. आता शिजवायची कुणी? गौराबाई म्हणाली, देवाच्या तांदळावर फुगली, तेव्हा ती देवाची. आजाऱ्यांच्या हंड्यात जाईल. सोनुबाई म्हणाली, अंडं माझ्या घरी फुटलं, पिलू मी वाढवलं, देवानं काय एक दिवस दाणा घातला म्हणून आई झाला का? दोन्ही बाजूंनी सात पिढ्यांचा उद्धार झाला. मंडळीत दोन तट पडले.

त्या शनिवारी गौराबाई साहेबांच्या ओसरीवर गेली, मी भांडले, माझा राग गेला, असं म्हणाली आणि नाव देऊन बसली. सोनुबाईही येत होती. पण फाटकाशी आल्यावर तिला आधीच ओसरीवर बसलेली गौराबाई दिसली, आणि तिचं टाळकं सरकलं. ही पहिली पोचली! आता मी गेले तर हिच्या मागनं माफी मागायला आले असं दिसणार. ती फाटकातून माघारी वळली. पुढच्या महिन्यात देईन नाव, म्हणाली. महिना काय, चुटकीसरशी जातो.

पण त्या महिन्याच्या आतच विलायतेत लढाई पेटल्याची बातमी आली, आणि मग दोन शिपाई व एक गोरा अंमलदार येऊन पाद्रीसाहेबांना घेऊन गेले. जर्मन म्हणजे शत्रू. साहेबांनी पेटीत चार कपडे घातले, घंटेखाली उभं राहून प्रार्थना केली आणि स्टेशनावर चालत गेले. नगराकडं छावणीत ठेवलंय, एवढंच पुढं कळलं. दुसरा पाळक पाठवू, असं कुठूनसं सांगणं आलं. कुणी आलं नाही.

दोघींचं भांडण मात्र पंधरवड्यातच मिटलं. पेजेच्या हंड्याला दोन खांदे लागतात. एका खांद्यावर भांडण चालत नाही. पण सोनुबाईचा शनिवार राहिला तो राहिलाच. वर्षं गेली. कधी बोलताना विषय निघाला की ती म्हणायची, "येतील की सायेब. मी काय इतक्यात मरते?"

आता ती भिंतीला टेकून बसली होती आणि म्हणत होती, मला मेज पायजे.

"आणते आक्का," गौराबाई म्हणाली. कुठून, ते तिला ठाऊक नव्हतं.

ती तडक कान्हाकडं गेली. कान्हा घोरपडे मंडळीचा वडील. म्हणजे वयानं नव्हे. मंडळीनं निवडलेला कारभारी. स्टेशनात सांधेवाला होता, रविवारी देवळात शास्त्र वाचायचा. प्रभुभोजनाचा प्याला ज्या कपाटात होता त्याची चावी त्याच्या करगोट्याला असायची. त्याची बायको सुंदरा आणि पोरगा दोघं तापात होते, आणि तो चुलीवर काहीतरी करपवत बसला होता.

"सोनुआक्काला मेज पायजे, दादा."

कान्हानं वर पाहिलं नाही. "कोण देणार?"

"तुमी द्या. तुमी वडील हाय."

"मी वाचणारा. डोक्यावर हात ठेवून पाळक केल्याबिगर प्याला उचलता येत नाय, गौराबाई. सायेब जाताना मला तेवढंच सांगून गेले. सगळं सांभाळ, म्हणाले, पण मेजाला हात लावू नको."

"आन गजाच्या लेकराला मी पाणी घातलं तवा?"

हे दहाएक दिवसांपूर्वीचं. कोळसेवाल्या गजाची तान्ही पोर बाप्तिस्म्याआधीच चालली होती, तेव्हा गौराबाईनं ओंजळीत झऱ्याचं पाणी घेऊन, बाप-लेक-पवित्र आत्मा म्हणून तिच्या कपाळावर घातलं होतं. पोर तिसऱ्या प्रहरी गेली. गजानं गौराबाईचे पाय धरले होते.

"ते येगळं," कान्हा म्हणाला. "अडीअडचणीला बाप्तिस्मा कुणीबी द्यावा. बाईनंसुदीक. तसं लिव्हलेलं हाय."

"म्हंजे माझ्या हातचं पाणी चालतं आन भाकर चालत नाय?"

कान्हाचा हात थांबला. ज्यांच्या हातचं पाणी सगळ्या मुलखात चालत नव्हतं त्यांच्यापैकी एक दुसऱ्याला हे विचारत होतं. त्यानं करपलेलं भांडं चुलीवरनं उतरवलं आणि म्हणाला, "लोधिवलीला बघा. त्या दुसऱ्या मिशनाचे पाळक राहुटी टाकून हायत म्हणं. चौक गावाच्या अलीकडं-पलीकडं. आपल्यातले हायत, देशाकडले. त्यांच्या डोक्यावर हात ठेवलेला हाय."

गौराबाईनं गजाच्या बायकोला पेजेच्या हंड्याशी बसवलं, सोनुबाईच्या हाताशी पाणी ठेवलं, पदरात भाकरी बांधली आणि चौकाची वाट धरली.

वाट लांबची. धुकं वर गेलं आणि ऊन तापलं. पोसरी, वावर्ले, सगळी गावं मुक्यासारखी. खळी सारवलेली नाहीत, जात्याचा आवाज नाही, नुसती खोकल्याची उबळ एका घरातून दुसऱ्या घरात गेल्यासारखी. इर्शाळगडाचं टोक डाव्या-उजव्या अंगानं दिसत-लपत राहिलं. त्याच्या पायथ्याच्या रानातून येणाऱ्या पायवाटेवर एक ठाकरीण बसली होती, मांडीवर पेजेचं रिकामं तांबलं. गौराबाई तिला ओळखत होती. आवडी. पावसाळ्यात रानभाज्या घेऊन कर्जतला यायची.

"बाय, पेज हाय का?"

"नाय गं. आज हंडा नाय माझ्यासंग. वाडीत कोण हाय?"

"हायत समदी."

"मग?"

"उठत नाईत."

गौराबाईनं पदरातली भाकरी सोडून तिच्या तांबल्यात टाकली. "येताना येते तुझ्या वाडीवर," म्हणाली. आवडीनं मान हलवली. ती भाकरी खात नव्हती, नुसती तांबल्यात बघत होती.

लोधिवलीला सडकेच्या बाजूला वडाखाली राहुटी होती. बाहेर एक बैलगाडी, पण बैल सुटे आणि कुणी राखायला नाही. आत पाळक पथारीवर पडले होते. चाळिशीचा माणूस, भरदार मिशा घामानं ओठांना चिकटलेल्या. त्यांची बायको टोपलीच्या झाकणानं वारा घालत होती. गौराबाईनं दारातूनच पाहिलं आणि तिथंच खाली बसली.

तरी तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, कोंबडीसुद्धा. कोंबडीपाशी पाळक हसले आणि हसता हसता खोकल्यानं वाकडे झाले.

"बाई, तुमचे साहेब मला ओळखायचे," ते सावकाश म्हणाले. "एकदा मी तुमच्या देवळात आलो होतो. साहेबांनी जेवायला घातलं, पण मेजापाशी बसू दिलं नाही. तुम्ही भाकरीला नुसती आठवण म्हणता, म्हणाले, आम्ही प्रभूचं अंगच म्हणतो. आपली पंगत एक नाही."

"मला ठावं नव्हतं, पाळकसायेब."

"राग नाही त्याचा. मी उभा राहू शकत असतो तर आलो असतो. गाडीत घालून न्या म्हणालो असतो. पण ती सोनुबाई माझ्या हातून घेईल का? विचारलंत तिला?"

गौराबाईनं विचारलं नव्हतं. एवढी वाट तुडवली आणि हे विचारायचं राहिलं.

"घेतली असती," ती म्हणाली. पण ती सोनुबाईला ओळखून होती, त्यामुळे आवाज बारीक झाला.

पाळकांच्या बायकोनं तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पेज वाटता ना? यांच्या पोटात कालपासून काही ठरत नाही. कशी करता ती?" तेव्हा गौराबाई तिथंच तीन दगड मांडून बसली. दुसरं काय करणार? तांदूळ भाजून भरडले, मीठ घालून पातळ पेज केली, पाळकांना चार घोट पाजले. ऊन कललं तशी उठली.

परतताना त्या पायवाटेवर आवडी नव्हती. वाट रानात शिरत होती आणि आत अंधारून आलं होतं. गौराबाई उभी राहिली. वर वाडी, खाली सोनुबाई. हातात काही नाही. ती खालच्या वाटेनं चालू लागली आणि कर्जतचे सिग्नल दिसेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा कान्हाच्या दारात. पोरगा जरा उतारावर होता. सुंदरा तशीच. कान्हा कामावर जायला निघाला होता, डोक्याला मुंडासं गुंडाळत होता. तिनं लोधिवलीचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"आता?"

"आता तुमीच सांगा, दादा. ती आजचा दिस काढंल, असं मला वाटत नाय."

कान्हा बराच वेळ मुंडासं बांधत राहिला. मग करगोट्याची चावी सोडली, पायरीवर ठेवली, आणि शेजारी पुडीत बांधलेल्या काळ्या मनुका. पोराच्या खोकल्यासाठी आणलेल्या. साहेब असताना द्राक्षरस संपला की याच मनुका भिजवून पिळून घ्यायचे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी कामावर गेलो," कान्हा म्हणाला. "चावी घरात इसरली असंल. माझं ध्यान कुठं ठिकाणावर हाय?" आणि खरंच निघून गेला. वळणापाशी गेल्यावर थांबला, परत येईलसं वाटलं. आला नाही.

गौराबाईनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसलं. चूल सारवून तांदळाच्या पिठाची बिनमिठाची भाकरी भाजली, तळव्याएवढी. मनुका कोमट पाण्यात कुस्करून गाळल्या. कपाट उघडताना बिजागरी कुरकुरली. प्याला काळपटला होता. तो राखेनं घासून तिनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळला. शब्द तिला पाठ होते. इतकी वर्षं ऐकलेले, का नसणार? हे माझं शरीर आहे. हे माझं रक्त आहे.

सोनुबाई आता आडवी झाली होती. शेवटी शरीरानंच तिला झोपवलं होतं. पायाशी गजाची बायको बसली होती, ती उठून बाहेर गेली. गौराबाईनं पाटावर फडकं पसरलं आणि प्याला ठेवला. दारातलं ऊन प्याल्यावर पडलं.

सोनुबाईनं डोळे उघडले. प्याला तिला ओळखू आला, आणि तिचं तोंड असं उजळलं की गौराबाईला रडू फुटायचं बाकी राहिलं. म्हातारीनं कोपरावर उठायचा प्रयत्न केला, डोक्यावरनं पदर ओढला, आणि गौराबाईच्या खांद्यावरून दाराकडं पाहिलं.

"सायेब कुठंयत? आत बोलीव की. दारात काय उभे करतीस?"

"सायेब नायत, आक्का."

"मग कोण आलंय?"

"कुणी नाय. मीच हाय."

सोनुबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग पाटाकडं, मग परत तिच्याकडं.

"तू देणार?"

"मला शब्द येतात समदे. आक्का, दुसरं कुणी नाय गं. मी लोधिवलीपत्तर गेलते. तू तोंड उघड. देव काय माझे हात बघत बसतोय का?"

गौराबाईनं भाकरी मोडली. हातात तुकडा घेऊन ती पुढं झुकली आणि शब्द म्हणायला लागली. सोनुबाईनं ओठ मिटून घेतले. लहान पोर औषधाला मिटतं तसे, घट्ट.

"आक्का!"

सोनुबाईनं मान फिरवली. श्वास गोळा करायला तिला वेळ लागला. "गौरे, तुझ्या हातचं जलमभर खाल्लं. आजबी खाईन. पण ते पोटाला. ह्याला नाय." पुन्हा भाता चालला. "मी माझ्या पायानं फाटकातनं माघारी फिरले. आता खोटं मेज खाऊन वर जाऊ? तिथं इचारलं, कुणी दिलं, तर काय सांगू? गौरीनं दिलं?"

"सांग की! माझं नाव घे. मी भोगीन त्ये."

"तुझं तूच भोगायचं लई हाय." ओठांच्या कोपऱ्यात जुन्या सोनुबाईचं थोडंसं हसू आलं आणि गेलं. "ठेव ते जागेवर. पुसून ठेव, नायतर कान्ह्या बोंबलंल."

गौराबाईनं पुष्कळ विनवलं. रागावली. एकदा तर म्हणाली, "कोंबडी तुझी होती बाई, घे, तुझीच होती!" सोनुबाईनं नुसता हात हलवला, जणू माशी वारली. तिला शिक्षा हवी होती असं नव्हे, आणि हट्ट होता असंही नव्हे. जे तिच्या हिशेबी खरं होतं ते हवं होतं, आणि ते तिथं नव्हतं. गौराबाईच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. टाकता येत नव्हता, खाता येत नव्हता. शेवटी तो तिनं फडक्यातच गुंडाळला.

"पेज हाय का?" सोनुबाईनं विचारलं.

गजाच्या बायकोनं वाटीत आणून दिली. गौराबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं ओठ ओले करत दोन घोट पाजले.

"मीठ कमी हाय," सोनुबाई म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. दुपारी आगगाडी घाटाकडं गेली, खोपटाच्या कुडाला हादरा बसला, आणि तो हादरा थांबल्यावर गौराबाईच्या लक्षात आलं, की भाताही थांबलाय.

खड्डा खणायला गजा आणि त्याचा मेव्हणा असे दोघंच उभं राहू शकत होते. कान्हा पाळी संपवून आला. शास्त्र वाचताना तो एका जागी अडखळला, पान उलटून पुढचं वाचलं. माती लोटून झाल्यावर त्यानं गौराबाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दिलं का?"

गौराबाईनं मान हलवली. नाही.

"का? शब्द इसरलात?"

"नाय. तिनं घेतलं नाय."

कान्हाचा चेहरा क्षणभर सुटल्यासारखा झाला. मग त्याची त्यालाच लाज वाटली असावी, तो खाली बघायला लागला. "सायेब आले म्हंजे इचारू," म्हणाला. "अशा माणसाचं काय, ते इचारू."

साहेब काही आले नाहीत. लढाई संपली तरी आले नाहीत. त्यांना परभारे बोटीत घालून त्यांच्या मुलखात धाडलं, असं पुढं कळलं, आणि विचारायचं होतं ते विचारायचं राहून गेलं. मंडळीला पाळक मिळाला तोवर गौराबाईचे केस पांढरे झाले होते. त्या नव्या पाळकाला तिनं हे कधी विचारलं नाही. एकदा ओसरीवर गेली होती, पण त्याचं कोवळं वय बघून मुठीच्या तांदळाचंच काहीतरी बोलून परत आली.

पण ते पुढचं. सोनुबाईला पुरल्याच्या दुसऱ्या सकाळीही धुकं होतं. आजाऱ्यांच्या वाकळी धुवायच्या साचल्या होत्या. गजाच्या घरच्या, सुंदराच्या, धाकलू पाटलानं कुणी बघायच्या आत दगडावर आणून टाकलेल्या दोन, आणि सोनुबाईची एक. गौराबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि नदीवर गेली. पाणी गार होतं. एक एक वाकळ भिजवून, राखेचं पाणी मारून तिनं काठावर ढीग घातला. वाकळ भिजली की दोघींनी दोन टोकं धरून पिळायची असते. एकटीला ते होईना. तेव्हा तिनं ती सपाट दगडावर पसरली, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि उभी राहून पायांनी तुडवू लागली.